पंचेचाळीस मीटरचं खोकं

संस्थेतल्या थोरल्या सरांचा पाय जिन्यावरून घसरून मोडला आणि त्यांची संध्याकाळची बॅच आयत्या वेळी तिच्या गळ्यात पडली. ती तशी नवखीच होती. नोकरी लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. पण शिकवायची हौस दांडगी, आणि मुलांना हसवत शिकवते म्हणून जरा नावही व्हायला लागलं होतं.

वर्ग टायरच्या दुकानावर होता. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की जीव गुदमरायचा. पुढच्या रांगांमध्ये नुकतीच पदवी हातात पडलेली मुलंमुली बसायची. मागची रांग मॅनेजरबाईंनी राखून ठेवायला सांगितली होती.

"कारखान्यातली चार माणसं येतील," त्या म्हणाल्या होत्या. "नवं मशीन आलंय त्यांच्याकडे, त्याला म्हणे प्रोग्रॅम लिहून द्यावा लागतो. वयानं मोठी आहेत, जरा सांभाळून घ्या."

कुठला कारखाना, हे तिनं विचारलं नाही.

पहिल्या दिवशी ती फळ्यावर तारीख टाकत होती तेव्हा दारात चपलांचा आवाज झाला. निळ्या गणवेशातली चार माणसं अवघडून उभी होती. तिघांना तिनं मान हलवून आत घेतलं. चौथे तिचे वडील होते.

सकाळीच त्यांनी आईला सांगितलं होतं, की आता काही दिवस ओव्हरटाइम आहे, यायला उशीर होईल. खोक्यांच्या कारखान्यात ते पुठ्ठा कापायच्या मशीनवर होते. शिकायला पाठवलंय हे घरी सांगायची त्यांना लाज वाटली असावी. आणि समोर आपलीच पोरगी खडू घेऊन उभी असेल, हे तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते जागच्या जागी थांबले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला आलं होतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं, ते तिला आरशाशिवायही कळलं. संस्थेत तिनं सांगून ठेवलं होतं, "बाबा पॅकेजिंग कंपनीत आहेत." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनानं त्या वाक्यात केबिन बसवली, फिरती खुर्ची बसवली, आणि तिनं ती कधी काढून घेतली नाही.

वडिलांनी हसू गिळलं. साहेबांशी बोलताना काढायचे तो आवाज काढून म्हणाले, "आत येऊ का, मॅडम?"

"या," ती म्हणाली. "बसा."

इतकंच झालं. ती "बाबा" म्हणाली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. चार जण हसले असते, कुणी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण त्यांनी वाट करून दिली आणि ती त्या वाटेनं निमूट निघून गेली.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसली. आईनं विचारलं, "फार दमलात का ओव्हरटाइमनं?" ते म्हणाले, "छे, बसूनच तर असतो." आणि ताटातून मान वर केली नाही. तिनंही केली नाही. आई दोघांकडे बघत म्हणाली, "आज काय मौनव्रत आहे का बापलेकीचं?"

वर्ग पुढे चालू राहिला. ती शिकवत होती ती भाषा शिस्तीची होती. कुठलीही किंमत साठवायची तर आधी तिच्यासाठी जागा मागायची, त्या जागेला नाव द्यायचं आणि तिथं कुठल्या प्रकारची गोष्ट राहणार ते अगोदरच सांगून टाकायचं. पूर्ण संख्या असेल तर इंट. अपूर्णांक असेल तर डबल. मजकूर असेल तर स्ट्रिंग, आणि तो अवतरणचिन्हांत. हो किंवा नाही एवढंच असेल तर बूल. एकदा इंट म्हणून सांगितलेल्या जागेत मजकूर कोंबायला गेलात तर कम्पायलर, म्हणजे आपलं लिखाण तपासणारा प्रोग्रॅम, तिथंच अडवणार.

"वय?" ती विचारायची.

"इंट!" पुढची रांग ओरडायची.

"उंची, मीटरमध्ये?"

"डबल!"

"लग्न झालंय की नाही?"

"बूल!" आणि हशा.

मागच्या रांगेतले चौघे ओरडायचे नाहीत, लिहून घ्यायचे. कारखान्यात तिच्या वडिलांना सगळे 'मिलीमीटर' म्हणायचे, कारण केसभरही वाकडं कापलेलं त्यांना खपायचं नाही. हे तिला त्यांच्याच तोंडून लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या शेजारी बसायचा तो बुटका, बोलका माणूस डिंकाच्या मशीनवर असायचा, त्याचं नाव 'डिंक्या' पडलं होतं. त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मॅडम, आमचं डोकं जरा चिकट आहे. एकदा आत गेलं की सुटत नाही, पण जायलाच वेळ लागतो."

वडिलांनी फक्त एकदा हात वर केला.

"मॅडम, आधी इंट सांगितलं आणि मागाहून कळलं की चुकलंच, तर?"

"तर मागे जाऊन ती ओळच बदलायची," ती म्हणाली, त्यांच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत. "पुढच्या ओळींत लपवाछपवी करून भागत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

तिची एक सवय होती. मुलांनी पाठवलेल्या उत्तरांतलं एखादं चुकलेलं उत्तर ती नाव झाकून मोठ्या पडद्यावर लावायची आणि त्याची थट्टा करायची. मुलांना ते आवडायचं. ज्याची चूक असेल तोही बहुतेक वेळा हसायचा. वय विशीतलं असलं की हसता येतं.

त्या दिवशीचं उदाहरण तिनं मुद्दाम खोक्यांचं दिलं होतं. खोक्याची लांबी साडेचारशे मिलीमीटर, चिकटवायची पट्टी पन्नास मिलीमीटर, दोन्ही मिळून पुठ्ठा किती लांब कापायचा? मागच्या रांगेला सोपं जावं म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. उत्तर पाचशे यायला हवं. एका उत्तरात आलं होतं पंचेचाळीस हजार पन्नास. कुणीतरी दोन्ही मापं स्ट्रिंग म्हणून सांगितली होती. मजकुराला मजकूर जोडला की बेरीज होत नाही, एकापुढे एक चिकटतात. चारशे पन्नासच्या शेपटीला पन्नास जाऊन चिकटले होते. आणि कम्पायलरनं अडवलंही नव्हतं, कारण त्याच्या लेखी त्यात गैर काहीच नव्हतं.

शिकवायला इतकं छान उदाहरण शोधून सापडलं नसतं. तिनं नाव न बघताच ते पडद्यावर लावलं.

"बघा," ती म्हणाली, "आपल्यापैकी एका थोर कारागिरानं पंचेचाळीस मीटर लांबीचं खोकं बनवलंय. इमारतीएवढं! आता प्रश्न असा, की यात भरायचं काय? मला वाटतं, बनवणाऱ्याची अक्कल भरावी. पण मग खोकं रिकामंच राहायचं."

पुढच्या रांगा हसत सुटल्या. कुणी बाक बडवला. तीही हसली. हसता हसता तिची नजर मागे गेली, तर निळ्या गणवेशातली तीन माणसं खाली बघत होती. हसत नव्हती. डिंक्यासुद्धा.

वडील उभे राहिले.

"माझं आहे ते, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, वर्गाला सोबत म्हणून आणलेलं. कान मात्र लाल झाले होते. "चुकलं माझं. मापं आम्ही खोक्यावर छापतो ना, म्हणून मला वाटलं, हे लिखाणच. म्हणून स्ट्रिंग टाकलं."

वर्ग आणखी एकदा हसला, या वेळी जरा मायेनं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्या तोंडून आलं, "ठीक आहे. बसा. पुढच्या वेळी लक्ष द्या."

पुढच्या वेळी लक्ष द्या! तिला सायकल शिकवताना हा माणूस गल्लीभर मागे धावला होता, आणि ती पडली की रस्त्यालाच दोष द्यायचा. तास संपेपर्यंत ती काय शिकवत होती ते तिचं तिलाच कळलं नाही.

मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरची मुलगी तिच्याजवळ आली. हुशार होती, जिभेनंही चटपटीत.

"मॅडम, ते खोकंवाले काका तुमचे कुणी लागतात का? हजेरीत आडनाव तुमचंच आहे."

तिला विचार करायला वेळ होता. नव्हता असं म्हणता येणार नाही. मुलगी सहज विचारत होती, तोंडात बिस्कीट होतं तिच्या.

"छे गं," ती म्हणाली. "आडनावं काय, ढिगानं सारखी असतात."

पाठीमागे पाण्याच्या यंत्राचा नळ चालू होता, तो बंद झाला. तिनं वळून पाहिलं. वडील बाटलीला झाकण लावत होते. झाकण आडवं बसलं, त्यांनी ते काढलं आणि पुन्हा नीट लावलं. मग बाजूला सरकून तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत तिघेच होते. तिसऱ्या दिवशीही तिघेच. घरी मात्र वडील ठरल्या वेळीच उशिरा येत होते. तास झाल्यावर तिनं डिंक्याला थांबवलं. कशीबशी विचारती झाली, "ते तुमचे... चौथे नाही आले?"

डिंक्यानं वही पिशवीत घातली. एरवी बोलका माणूस, पण शब्द निवडून बोलायला लागला.

"त्यानं साहेबांना सांगितलं, मला झेपत नाही. मला गेटवर टाका. टाकलं त्यांनी. आता मशीन दुसऱ्याला जाईल."

"गेटवर?"

"हो. गाड्या आल्या की दांडा वर करायचा, गेल्या की खाली." तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "मॅडम, राग मानू नका. आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याच्या मशीनच्या कपाटाला आतून तुमचा फोटो लावलेला होता, ती पदवीची टोपी घातलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. इथून पहिल्या दिवशी बाहेर पडल्या पडल्या त्यानं आम्हा तिघांना शपथ घातली, की वर्गात ती मॅडम आहे, कुणी ओळख काढायची नाही. तिला तिथं मान आहे, म्हणाला."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. म्हणजे ती "बसा" म्हणाली तेव्हा यांना ठाऊक होतं. अकलेचा विनोद केला तेव्हा ठाऊक होतं. तिला वाटलं होतं, ही तिची एकटीची चोरी आहे. ती तर तीन माणसांदेखत, दिवसाउजेडी चालली होती, आणि ती माणसं तिची अब्रू राखायला खाली बघत होती.

"पाण्यापाशी काय झालं," तिनं विचारलं, "ते सांगितलं का त्यांनी?"

"पाण्यापाशी?" डिंक्या म्हणाला. "नाही. का, काय झालं?"

तिनं फळा पुसायला घेतला.

घरी गेली तेव्हा वडील गॅलरीत चपलेचा अंगठा शिवत बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. ती दारात उभी राहिली.

"बाबा, तुम्ही वर्ग सोडलात."

"माझ्या डोक्यात नाही शिरत गं बबी." त्यांनी सुई वर ओढली. "वय झालं."

"शिरत होतं. एक चूक झाली होती फक्त. सगळ्यांची होते ती."

"असेल."

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून. "मी तिथं आलोच नव्हतो असं समज. तुला कुणी पुन्हा विचारलं तर तेच सांग. तुझं सगळं चांगलं चाललंय, त्यात माझ्यामुळं खोट नको."

त्यांनी ओरडायला हवं होतं. एक शिवी हासडली असती तरी तिला हलकं वाटलं असतं. ते तर तिचं खोटं स्वतःच्या हातांनी शिवून पक्कं करायला बसले होते. ती आत गेली, नळ सोडला आणि तोंड धुवत राहिली. आई म्हणाली, "कातडं निघेल आता."

शनिवारी ती कारखान्याच्या गेटवर गेली. आजवर कधी गेली नव्हती. लोखंडी दांडा, बाजूला पत्र्याची खोली, आणि खोलीबाहेर वडील. निळा गणवेश जाऊन खाकी आला होता, खांद्यांत मोठा. शेजारी सुरक्षाप्रमुख खुर्ची टाकून बसला होता. तिला येताना पाहून वडील उठले. सुरक्षाप्रमुखाकडे एकदा पाहिलं आणि तोच साहेबांसाठीचा आवाज काढला.

"कुणाकडे काम आहे, मॅडम?"

अजूनही. इथंही ते तिला वाट करून देत होते.

"तुमच्याकडेच आलेय, बाबा," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. आतून पुठ्ठ्याचे गठ्ठे ओढणारी दोन माणसं थांबून बघायला लागली.

सुरक्षाप्रमुख खुर्चीत सरळ झाला. "तुमची मुलगी? शिकलेली दिसते. कधी बोलला नाहीत!"

"प्रसंग नाही आला," वडील म्हणाले.

"बाबा, मी त्या मुलीला खोटं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मला..."

"इथं नको गं, बबी. ड्यूटीवर आहे मी."

तेवढ्यात ट्रक आला आणि भोंगा वाजवायला लागला. वडिलांनी दांडा वर केला. ट्रक सावकाश आत शिरेपर्यंत ते दोरी धरून उभे होते आणि ती धुरात उभी होती. मग ते म्हणाले, "ऊन आहे. घरी जा." रागानं नाही. पाहुण्याला म्हणावं तसं.

माफी मागायला आलो की समोरच्यानं ती मागू द्यावी, असं ती धरूनच चालली होती. बस येईपर्यंत ती थांब्याच्या सावलीत उभी राहिली आणि तिला कळलं, की गेटवर सगळ्यांसमोर "बाबा" म्हणण्यातही तिनं आपलंच बघितलं होतं. त्यांच्या नव्या जागी, नव्या माणसांपुढे, ठिगळ लावलेल्या चपलांनिशी ते उभे होते, आणि ती आपलं ओझं उतरवायला गेली होती.

सोमवारी तास सुरू करण्याआधी तिनं वर्गाला सांगितलं. लांबण लावलं नाही. "मागच्या रांगेत बसायचे ते चौथे काका माझे वडील. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. आणि त्यांच्या उत्तरावर मी जे बोलले ते कुणाच्याच उत्तरावर बोलायला नको होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ते तिथंच पाणी..." आणि वाक्य अर्धवट सोडून तिनं मान खाली घातली. तिनं मान खाली घातली. त्या मुलीला पाहिल्यावर तिला समजलं, की आता ही गोष्ट ही मुलं घरी सांगतील, तोंडातोंडी जाईल, आणि ते बरोबरच होईल. मग तिनं खडू उचलला आणि लूप, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, शिकवायला घेतलं. पडद्यावर कुणाचं चुकलेलं उत्तर पुन्हा कधी लावलं नाही. तिचा वर्ग पूर्वीइतका हसरा राहिला नाही, असं काही जण म्हणत.

पावसाळा सरता सरता कारखान्यात आणखी एक मशीन आलं आणि माणसं कमी पडली. या वेळी मालकांनी शिकवणी कारखान्याच्या कँटीनमध्येच लावली. बाहेरून कुणी सर येणार होते. डिंक्यानं वडिलांच्या मागे भुणभुण लावली, साहेबांकडे शब्द टाकला, आणि वडिलांचं नाव घातलं. हे तिला आईकडून कळलं. आता ओव्हरटाइमचं सोंग उरलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, मी शिकवलं असतं घरी. रोज थोडं थोडं. त्या सरांकडे कशाला?"

त्यांनी ताटाभोवती सांडलेली शितं गोळा केली. मग म्हणाले, "शिकायचं तर चुकावं लागतं, बबी. तुझ्यासमोर चुकायला मला आता जमायचं नाही."

ते "आता" तिला लागलं. पूर्वी जमत होतं, हे त्यात आलंच होतं.

"रागावलात ना माझ्यावर?"

"रागवायचं काय त्यात? पोरगी आहेस माझी." त्यांनी ताट उचललं. "पण मला वाईट वाटलं. ते नाही म्हणत नाही मी."

इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच ते बोलून दाखवलं होतं. तिला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं, आणि ताट घेऊन मोरीकडे गेले. पूर्वीसारखे जवळ बसले नाहीत.

त्यानंतर एका रविवारी तिचा जुना लॅपटॉप मागून घेऊन ते जेवणाच्या टेबलावर बसले. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहीत होते आणि तोंडानं पुटपुटत होते, "लांबी, इंट. जाडी, डबल." मध्येच "हात्तिच्या!" म्हणून खोडत होते. ती चहा घेऊन आली. कपाचा आवाज झाला तसा त्यांनी लॅपटॉपचा पडदा हळूच थोडा खाली ओढला. उद्धटपणानं नाही. अंघोळीहून आलेला माणूस टॉवेल सावरतो तसा.

तिनं कप त्यांच्या हाताशी ठेवला. पडद्याकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं, त्यांना मोकळेपणानं चुकता यावं म्हणून.